आमची वाडी कुठल्या गणात, हे वाडीला विचारून ठरवा

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र
मा. सचिव, ग्रामविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण व ग्रामपंचायतीचे प्रभाग पाडण्याची पद्धत बदलण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

२०२७ची जनगणना हाती आली की राज्यातले गट आणि गण, म्हणजे जिल्हा परिषदेचे आणि पंचायत समितीचे मतदारसंघ, पुन्हा पाडावे लागतील. त्या वेळी कोण उमेदवार असेल, कोणता पक्ष कुणाबरोबर असेल, कोणती जागा कुणासाठी राखीव निघेल, हे आज कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे पत्र आज लिहिते आहे. रेषा प्रत्यक्ष ओढायला सुरुवात झाली की कुणी काही सुचवले तर ‘ही बाई कुणाच्या बाजूची?’ हा पहिला प्रश्न होतो आणि सूचना तशीच राहते. आज तो प्रश्न विचारण्याचे कारण नाही. नियम ठरवायचे असतील तर आत्ताच ठरवता येतील.

मी मालवण तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. शिकवण्याखेरीज जी सरकारी कामे शिक्षकाच्या वाट्याला येतात त्यातली दोन मी मनापासून केली : मतदान केंद्रावरचे काम आणि जनगणना. २००१ला आणि २०११ला प्रगणक म्हणून घरोघर फिरले. प्रगणकाला आधी नजरी नकाशा काढावा लागतो. देऊळ, शाळा, विहीर, व्हाळ म्हणजे ओढा, पायवाट, मग एकेक घर आणि त्याचा क्रमांक. त्या कागदावर गाव जसे उमटते तसे ते तालुक्याच्या नकाशात कधीच दिसत नाही. घाटावर गावठाण एका जागी असते आणि सभोवती शेते असतात. आमच्याकडे गाव म्हणजे वाड्या. एक वाडी सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, दुसरी व्हाळापलीकडे, तिसरी खाडीच्या काठाला आणि मधे कलमांच्या बागा. बाजारहाट वेगळा, एसटीचा थांबा वेगळा, कधी कधी ग्रामदैवताच्या पालखीची वाटही वेगळी. तालुक्याच्या ठिकाणी टेबलावर बसून गावांची यादी हातात घेऊन गण पाडणाऱ्याला यातले काही दिसत नाही. तो बेरीज पाहतो. बेरीज जुळली की गण झाला.

या रेषांनी एवढे काय बिघडते, असे शहरातले लोक विचारतात. जिल्हा परिषदेकडे काय आहे ते आठवावे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावातले रस्ते, नळपाणी योजना, अंगणवाडी. कोकणातल्या माणसाचा सरकारशी रोजचा संबंध येतो तो इथेच. आणि साकव. साकव म्हणजे काय हे कोकणाबाहेर समजावून सांगावे लागते. व्हाळावरचा लहान पूल, माणसापुरता, फार तर दुचाकीपुरता. तो नसला तर जून ते सप्टेंबर मुले लांबच्या वाटेने शाळेत जातात, आणि पाऊस जास्त झाला की जातच नाहीत. मी शिकवत असताना पावसाळ्यात हजेरीपट पाहिला की कुठल्या वाडीला साकव नाही ते कळायचे. साकव बहुतेक वेळा दोन गावांच्या शिवेवर असतो. तीच शीव गटाची हद्द झाली, की अलीकडचा सदस्य म्हणतो पलीकडच्यांनी प्रस्ताव द्यावा आणि पलीकडचा म्हणतो अलीकडच्यांनी. दोघेही खोटे बोलत नसतात. रेषाच अशी ओढलेली असते की ते काम कुणाच्याच वाट्याला येत नाही.

आपल्या आदेशांत नैसर्गिक सीमा पाळाव्यात असे म्हटलेले असते : नदी, नाले, रस्ते, रेल्वे. नियम चांगला आहे, पण कोकणात तो जसाच्या तसा लावला तर उलटा पडतो. आमच्याकडे खाडी तोडते आणि व्हाळ जोडतो. खाडीच्या दोन काठांवरची माणसे एकमेकांना रोज पाहतात पण एकमेकांकडे जाऊ शकत नाहीत. तळाशीलच्या टोकावर उभे राहिले की सर्जेकोट समोर दिसते. हाक मारावी इतके जवळ वाटते. गाडीने जायचे तर गड नदीच्या खाडीला पूर्ण वळसा घालावा लागतो. उलट व्हाळाच्या दोन्ही अंगांना एकाच भावकीचे मळे असतात, पाणी एकाच बंधाऱ्याचे असते, दळण एकाच गिरणीत जाते. नकाशावर मात्र दोन्ही निळ्या रेषाच. ज्याने तो मुलूख पायी पाहिला नाही तो व्हाळावर हद्द धरतो आणि खाडीच्या दोन काठांना एका गणात बांधतो. सड्याचेही तसेच. कातळाचा सडा मधे आला की खालच्या आणि वरच्या वाड्यांचा संबंध तुटतो, पण सडा कुठल्याच नकाशात सीमा म्हणून नोंदलेला नसतो.

तालुक्याची हद्द ओलांडून गट होत नाही, हे मला माहीत आहे. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट चालते, पण एक दापोली तालुक्यात आणि दुसरे गुहागरात. जयगड आणि तवसाळ यांचेही तेच. त्यांचा प्रश्न आपल्या हातातला नाही आणि तो मी मागतही नाही. तालुक्याच्या आतल्या रेषा मात्र आपल्याच हातात आहेत.

आता अंकगणिताकडे येते, कारण प्रत्येक हरकतीला उत्तर म्हणून तेच पुढे केले जाते. घटनेच्या २४३ग या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात म्हटले आहे की प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या आणि त्याला दिलेल्या जागा यांचे गुणोत्तर शक्य असेल तितके सगळीकडे सारखे असावे. या तत्त्वाशी माझे भांडण नाही. एका माणसाच्या मताचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट असू नये, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले आहे. पण ‘शक्य असेल तितके’ हे शब्द घटनेत उगाच घातलेले नाहीत. सरासरीच्या १० टक्के कमी किंवा १० टक्के जास्त हा प्रभागरचनेतला नेहमीचा दंडक. सिंधुदुर्गात तो कसा लागतो पाहा. जिल्हा परिषदेत किमान ५० सदस्य असावेत असा कायदा आहे, म्हणून आमच्या लहान जिल्ह्यालाही ५० गट मिळतात. ग्रामीण लोकसंख्येला ५०ने भागले की एका गटाला चौदा-पंधरा हजार माणसे येतात. १० टक्के म्हणजे दीड हजाराच्या आसपास. आमच्याकडे कित्येक गावे एवढीच असतात. म्हणजे एक गाव इकडचे तिकडे केले की मोकळीक संपली. त्यात एका गटाचे दोन गण करायचे. गणाची सरासरी सात-साडेसात हजार, मोकळीक सात-आठशेची. इतक्या अरुंद जागेत बेरीज जुळवायला बसलेला कारकून खाडी आणि सडा पाहील कसा? त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात दिलेली पट्टीच मैदानी मुलखाची आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात २०१७च्या निवडणुकीला ५५ गट होते. तिथे एका गटात चोवीस हजारांच्या आसपास माणसे येतात. शेजारचे दोन जिल्हे, एकच किनारा, १ मे १९८१पर्यंत तर एकच जिल्हा. तरीही खेडमधल्या माणसाच्या वाट्याला सदस्याचा जेवढा वेळ येतो त्याच्या दीडपट कणकवलीतल्या माणसाच्या वाट्याला येतो. राज्याला जिल्ह्या-जिल्ह्यांत एवढा फरक चालतो. मग एका तालुक्यात खाडीमुळे किंवा सड्यामुळे एखादा गण १५ टक्के लहान झाला तर तो लेखी कारण देऊन चालवून घ्यायला हरकत काय? कारण लिहायचे म्हटले की त्याचा गैरवापरही करता येत नाही. ‘या गणात सरासरीपेक्षा इतकी माणसे कमी आहेत, कारण या दोन वाड्यांना पलीकडच्या गावाशी जोडणारा पूल नाही.’ एवढे एक वाक्य पुरे. पूल झाला की पुढच्या वेळी ते कारण आपोआप संपेल.

किनाऱ्यावरच्या मच्छीमार वाड्यांबद्दल मला वेगळे सांगायचे आहे. कोकणाचे खलाटी आणि वलाटी असे दोन पट्टे आहेत. समुद्रालगतची खलाटी, आत सह्याद्रीकडे चढत जाणारी वलाटी. नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि रस्तेही बरेचसे नदीच्या खोऱ्याने जातात, म्हणून गट पाडताना पूर्व-पश्चिम पट्टे पाडण्याचा मोह होतो. एका अर्थी ते सोयीचे असते, एसटीची गाडी त्याच वाटेने जाते. पण असे पट्टे पाडले की किनाऱ्यावरचे प्रत्येक गाव वेगवेगळ्या गटाच्या शेपटाला जाते आणि प्रत्येक गटात मच्छीमार थोडे राहतात. खाऱ्या झालेल्या विहिरी, उधाणाचे पाणी घरात शिरणे, मासेमारीच्या दिवसांत शाळेतली गळती, बंदरावरच्या बायकांना लागणारे आरोग्य केंद्र, हे प्रश्न सगळ्या किनाऱ्याचे सारखे आहेत. आंबा-काजूच्या बागायतदाराच्या गटातून निवडून आलेला सदस्य वाईट नसतो, पण ते त्याचे पहिले काम नसते. माझे मत असे की जिथे सलग किनारा आहे आणि किनाऱ्यालगत रस्ता आहे, तिथे खलाटीची गावे एकत्र ठेवावीत. वलाटीच्या गावांनाही त्याने न्यायच मिळेल, त्यांच्या डोंगरवाटांचा आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरींचा प्रश्न मग दुय्यम राहणार नाही. यावर दुमत असू शकते. आपल्याच तालुक्यातले काही जाणते लोक याच्या उलट सांगतील. मग दोन्ही आराखडे गावापुढे ठेवून विचारा.

विचारण्याची पद्धत कशी आहे तेही पाहू. २०२५ साली काय झाले ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मार्च २०२२मध्ये आमच्या जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले. मग जूनमध्ये गट-गण रचनेचे आदेश निघाले, १४ जुलैला प्रारूप रचना आली आणि २१ जुलैपर्यंत हरकती मागवल्या. जुलैचा मधला आठवडा कोकणात लावणीचा असतो. माणूस पहाटेपासून चिखलात. पावसाने रस्ते बंद, वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. या आठवड्यात तहसील कार्यालयात जाऊन, फलकावर लावलेली यादी पाहून, आपले गाव कुठल्या गणात गेले ते समजून घेऊन, लेखी हरकत तयार करून द्यायची. कोण देणार? ज्यांना निवडणूक लढवायची आहे त्यांनी दिल्या. त्यांच्याकडे गाडी होती, वकील होता, आकडे होते. शेतात उभ्या असलेल्या बाईने दिली नाही. हरकती थोड्या आल्या म्हणजे लोकांना रचना मान्य आहे असा अर्थ काढला गेला असेल, तर तो चुकीचा आहे.

आणि आलेल्या हरकतींचे पुढे काय होते? जिल्हाधिकारी अभिप्राय देतात, निर्णय विभागीय आयुक्तांकडे. कोकण विभागाचे आयुक्त बेलापूरच्या कोकण भवनात बसतात. दोडामार्गच्या माणसाला तिथे पोचायला रात्रभराचा प्रवास. मी स्वतः पूर्वी एकदा, एका वेगळ्या फेरीत, एका कार्यालयाकडे हरकत दिली होती. एका वाडीची दोन प्रभागांत झालेली फाळणी मी नकाशासह दाखवली होती. उत्तर आले ते एका ओळीचे : हरकत नियमात बसत नाही, अमान्य. कोणता नियम, का बसत नाही, काही नाही. मला माझी सूचना मान्य झाली नाही याचे वाईट वाटले नाही. शिक्षिका होते मी, मुलाचे गणित चुकले तर कुठे चुकले ते वहीत लिहून द्यायचे हे मला माहीत आहे.

हे उत्तर इतके महत्त्वाचे का, तर त्यानंतर दुसरे दार नाही. घटनेच्या २४३ण कलमाने मतदारसंघांच्या सीमांकनाबाबतच्या कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही, आणि प्रत्यक्ष रेषेवरून कोर्टात गेलेला माणूसही बहुधा हात हलवत परत येतो. निवडणुका अडकून पडू नयेत म्हणून ती तरतूद आहे आणि ती आवश्यकही आहे. २०२२ नंतर निवडणुका अडकल्याने काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले. पण जिथे न्यायालयाचे दार बंद आहे तिथे हरकतीची खिडकी तरी पूर्ण उघडी हवी. सात दिवसांची, भर पावसातली आणि कारण न देणारी खिडकी ही खिडकी नव्हे.

रेषा कोणी ओढायच्या, हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. मार्च २०२२मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार राज्य शासनाकडे घेतले. त्या वेळी एक सरकार होते. त्याच वर्षी दुसरे सरकार आले, पण अधिकार शासनाकडेच राहिले. २०२२मध्ये जिल्हा परिषदेची किमान-कमाल सदस्यसंख्या ५०-७५ची ५५-८५ झाली आणि काही महिन्यांत पुन्हा ५०-७५ झाली. प्रत्येक बदलाबरोबर तालुक्या-तालुक्यांत गट नव्याने पाडण्याची तयारी, मग ती रद्द. मी कुठल्याही पक्षाला यात बरे-वाईट म्हणत नाही, कारण दोन्ही बाजूंनी ते केले. जो निवडणूक लढवतो त्यानेच मैदानाच्या रेषा आखाव्यात हे कुठल्याही सरकारच्या बाबतीत अयोग्यच. सचिव महोदय, आपला विभाग प्रामाणिकपणे काम करतो असे मी धरून चालते. तरीही आपले मंत्री एका पक्षाचे असतात, आणि रेषा कितीही सरळ असली तरी लोकांना ती वाकडी दिसते.

आपल्याच किनाऱ्यावर खाली केरळ आहे. तिथे स्थानिक संस्थांचे मतदारसंघ पाडण्यासाठी स्वतंत्र सीमांकन आयोग असतो आणि राज्य निवडणूक आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. कर्नाटकानेही पंचायतींच्या सीमांकनासाठी वेगळा आयोग नेमला. महाराष्ट्राला हे जमणार नाही असे कोण म्हणेल? १९६१च्या जिल्हा परिषद कायद्याने पंचायत राज उभे करणारे हे राज्य, आणि २०११मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा दिल्या त्याच राज्याने. कायद्यात दुरुस्ती करून सीमांकन राज्य निवडणूक आयोगाकडे किंवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाकडे द्यावे. आयुक्त महोदय, हे काम आपल्याकडे यावे असे आयोगाने स्वतः शासनाला लिहून मागावे, अशी माझी विनंती आहे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

महिलांचा उल्लेख आला म्हणून. रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, घर आणि शेत बाईकडे, ही आमची जुनी रीत आहे. निम्म्या जागांवर बायका निवडून येतात. त्यातल्या अनेकींकडे स्वतःची गाडी नसते. ज्या गणात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला एसटीने जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, त्या गणात सदस्य बाई नावापुरती राहते आणि कामे तिच्या नवऱ्याच्या किंवा दिराच्या दुचाकीवर बसतात. गण नीट पाडला, एसटीच्या वाटेवर पाडला, तर ती स्वतः फिरू शकते. हे मी पाहिले आहे. आरक्षणाच्या चर्चेत हा मुद्दा कुणी काढत नाही.

आरक्षणाचे चक्रही रेषांवरच फिरते. २०२५ला नव्या नियमांनी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. दर वेळी गटांच्या हद्दी मोठ्या प्रमाणात हलवल्या की कुठल्या गावाने कुठल्या वर्गाचे आरक्षण किती वेळा पाहिले याचा हिशेब लागत नाही, आणि एखाद्या बौद्धवाडीला पिढीभर आपला माणूस निवडून देण्याची संधी येत नाही. म्हणून जिथे लोकसंख्या फार बदललेली नाही तिथे हद्द उगाच हलवू नये, एवढेच इथे सांगते.

आमची लोकसंख्या वाढत नाही, कमी होते आहे. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाचीही घटली. चाकरमानी मुंबईत मोजला जातो, पण गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात पाणी, रस्ता, दवाखाना त्याला गावातच लागतो. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि माणसांची मोजणी फेब्रुवारीत होणार. त्या वेळी आमच्या वाड्यांत बंद दारे जास्त सापडतील. लोकसंख्येवर जागा ठरतात, ते बदला असे मी म्हणत नाही. पण माणसे कमी झाली म्हणून दोन गट एक केले तर डोंगर आणि खाड्या कमी होत नाहीत, हे सदस्यसंख्या ठरवताना लक्षात असू द्या.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट, आणि हे मी प्रगणक म्हणून सांगते. ग्रामपंचायतीचे आणि नगरपंचायतीचे प्रभाग पाडताना जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेला घरांचा समूह, फोडत नाहीत. म्हणजे आज जनगणनेसाठी जी रेष एका प्रगणकाच्या सोयीने ओढली जाते, ती पुढे पाच-दहा वर्षे मतदानाची रेष होऊन बसते. २०११ला माझ्याकडे आलेल्या प्रगणक गटात एका वाडीची अर्धीच घरे होती. उरलेली अर्धी शेजारच्या प्रगणकाकडे, कारण घरांची संख्या त्याच ठिकाणी भरत होती. मी मोजणीचे काम नीट केले आणि विसरून गेले. पुढे प्रभाग पडले तेव्हा ती वाडी त्याच जागी दुभंगली. एका आडाची दोन कुटुंबे, एक या प्रभागात, एक त्या. वाडीने एकमताने कुणाला उभे करावे तर मते अर्धी-अर्धी. मोठ्या वाडीचे काही बिघडत नाही. धनगरवाडी, गवळवाडी, कातकऱ्यांची वाडी, बौद्धवाडी अशा तीस-चाळीस घरांच्या वाड्यांचे मात्र सगळेच बिघडते. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत असे आदेशांत असतेच. पण प्रगणक गटच वाडीतून गेला असेल तर तो आदेश पाळायला जागाच उरत नाही.

जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ नंतर गोठल्या आहेत. गावांच्या हद्दी बदलता येणार नाहीत, हे खरे. गावातल्या प्रगणक गटांच्या रेषा मात्र गावातच ठरतात. जिल्हाधिकारी हेच जिल्ह्याचे प्रमुख जनगणना अधिकारी आणि तहसीलदार चार्ज अधिकारी. जिल्हा परिषदेचे गट पाडण्याचे काम पुढे त्याच हातांत असणार. त्यांना आयोगाने आत्ताच एक पत्र पाठवावे : फेब्रुवारी २०२७च्या मोजणीसाठी गावातले प्रगणक गट नक्की करताना वाडी पूर्ण ठेवा, आणि प्रत्येक गटात कोणत्या वाड्या येतात त्यांची नावे यादीत लिहा. यासाठी कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. वाड्यांची नावे पोलीस पाटलाला, आशाताईला, अंगणवाडीसेविकेला तोंडपाठ असतात. एका संध्याकाळचे काम आहे. हे आत्ता राहिले तर पुढची जनगणना होईपर्यंत दुरुस्त होणार नाही.

बाकी माझे मागणे वर आलेच आहे, ते सरळ लिहून ठेवते. प्रारूप रचना पावसाळ्यात आणि गणपतीत जाहीर करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोकणातला मोकळा काळ. हरकतींना किमान तीस दिवस द्यावेत. प्रारूप यादीबरोबर प्रत्येक गणाचा नकाशा ग्रामपंचायतीत लावावा आणि त्यावर वाड्या, रस्ते, साकव, होडीने पार होण्याच्या जागा, एसटीचे थांबे, आरोग्य केंद्र दिसावे. नुसती गावांची नावे कुणाला काही सांगत नाहीत. गणाची हद्द अशीच का, हे दोन-चार ओळींत लिहावे. ग्रामसभेत तो विषय घ्यावा आणि ग्रामसभेचा ठराव ही हरकत म्हणून धरावी, म्हणजे एकट्यादुकट्याला अर्ज घेऊन धावावे लागणार नाही. सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. बेलापूरहून अधिकारी इकडे येऊ शकतात, आम्ही सगळे तिकडे जाऊ शकत नाही. आणि अमान्य झालेल्या प्रत्येक हरकतीला लेखी कारण मिळावे.

यातले काही मागितले म्हणून सरकारचे नुकसान होत नाही. ज्यांना रेषा कुठून जाणार हे आधीच कळते, अशा थोड्या माणसांची सोय मात्र जाते.

माझ्या गावाचा आणि शेजारच्या दोन गावांचा वाडीवार नजरी नकाशा मी सोबत जोडत आहे. हाताने काढलेला आहे, प्रमाणात नाही, पण व्हाळ, पायवाटा आणि पावसात बंद होणारी ठिकाणे त्यात बरोबर आहेत. २०११नंतर जी घरे बंद झाली त्यांच्यावर खूण केली आहे. आपल्या कार्यालयातून कुणी पाहायला आले तर मी बरोबर फिरून दाखवीन.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग

प्रत : मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग, रत्नागिरी व रायगड. प्रगणक गटांबाबतच्या मजकुरावर कृपया प्रथम कार्यवाही व्हावी.